दुसऱ्या चुलीचा भात

मी वेळेवर जेवणारा माणूस. यात लाज वाटण्यासारखं काही असतं, हे मला त्या खानावळीत पाय ठेवेपर्यंत ठाऊक नव्हतं.

बालाघाटजवळच्या भरवेलीला खदानीचा दुपारचा भोंगा वाजला की आम्ही मजूर टोपली-फावडी जिथल्या तिथं टाकून निघायचो. मॅंगनीजच्या धुळीनं तोंडं अशी काळी, की कोण कोण ते आवाजावरून ओळखायचं. रस्त्यापलीकडे मावशीची खानावळ. खानावळ कसली, कवेलूचं, म्हणजे कौलांचं, एक लांब छप्पर, शेणानं सारवलेली भुई आणि टोकाला दोन चुली. ती कोणाची मावशी होती ते कोणीच सांगू शकत नव्हतं. नवरा खदानीत होता, तापानं गेला, पदरात एक मुलगी, मग बाईनं चुली मांडल्या. एवढंच माहीत.

दोन चुली काहून, ते आता सांगतो. पहिल्या चुलीवरचा भात भोंग्याच्या आधीच उतरलेला असायचा. भोंग्याबरोबर येणाऱ्यांना तो. वाईट नसायचा, पण निवलेला. त्यावर वरण, लाखोळीची नाही तर आंबाडीची भाजी, आणि वाढताना मावशीचं तोंड बंद. पंगत उठली, लोक हात धुऊन विड्या पेटवायला बाहेर गेले, की ती दुसरी चूल पेटवायची. कोणी येणार आहे की नाही, काही ठाऊक नाही. तरी आधण चढायचं. मग एखादा उशिरा आलेला दारात दिसला की मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि विचारायची,

"का गा, कशात भुलला?"

उत्तर खरं असलं तर त्याला दुसऱ्या चुलीचा भात, वाफाळता, वर लसणाची फोडणी. खोटं असलं तर पहिल्या चुलीचं उरलेलं. खरं-खोटं ठरवणारी तीच. तिच्यावर कोर्ट नाही.

तिचं म्हणणं असं, "भूक तं कुत्र्यालेही लागते. मानूस कशात भूक इसरते ते पाहा. त्याचं काम ते. बाकी सारी हमाली."

आम्ही हसायचो. हमालच होतो, हसणार नाही तर काय.

एकदा तर भोंगा वाजवणारा माणूसच उशिरा आला. मावशी म्हणाली, "वा गा वा! साऱ्या खदानीले जेवाले धाडते अन् सोता उपाशी? कशात भुलला?"

तो बिचारा लाजला. म्हणाला, "इंजिनघराच्या भिंतीवर कोळशानं बैल काढून राह्यलतो मावशी. शिंगं काही जमून नाही राह्यले."

"दोन्ही सारखे काढले असन."

"हौ."

"कोन्या बैलाचे राह्यते गा दोन्ही शिंगं सारखे? बस, जेव."

तो चार घास पोटात टाकून परत भिंतीकडे पळाला. पुढं त्यानं खदान सोडली आणि बालाघाटात दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. खताच्या एका दुकानावर त्यानं काढलेला बैल मी पुष्कळ वर्षं पाहत होतो. एक शिंग आखूड.

दुसरा एक आला, डोळे सुजलेले. मावशीनं विचारलं तर म्हणाला, "झोपलो होतो मावशी. महुआच्या झाडाखाली डोळा लागला." तिनं त्यालाही गरम भात वाढला. आम्ही दारातून ओरडलो, "हे बरं हाय! झोपनाऱ्याले गरम अन् राबनाऱ्याले थंडा?"

"त्यानं खरं सांगतलं. तुमी बी झोपा ना मंग. भोंगा वाजला तरी घोरून दाखवा. पोट लाथ मारून उठवते तुमाले."

तर अशी ती. डोक्यावर पदर, कानात कडुनिंबाची काडी, आणि डोळे असे की ताटातला खडा आणि माणसातला खोटेपणा एकाच नजरेत दिसावा. तिला जेवताना मात्र आम्ही कोणी कधी पाहिलं नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

आता माझं. मी कटंगीकडचा. आमची भाताची शेती. चौथी शिकलो आणि पाचवीच्या वर्गात बसून पाहिलं, पटलं नाही, उठून आलो. बाप म्हणाला, मग नांगर धर. नांगर धरला, तोही पटला नाही. भांडून भरवेलीला आलो. हे लिहितानाही नातू म्हणत होता, आजोबा, मोबाइलवर बोला, आपोआप लिहून निघते. मी म्हटलं, हात आहेत मला. माझा स्वभाव असा आहे आणि आता तो बदलायचा नाही.

मावशी मला तो प्रश्न कधीच विचारत नव्हती, कारण मी कधी उशिरा जातच नव्हतो. भोंग्याचा आवाज विरायच्या आत मी पाटावर. तिनं माझं नाव पाडलं होतं, "भोंग्याचा भाऊ". "आला का भोंग्याचा भाऊ? सरका रे, त्याले जागा द्या." पंगत खदखदून हसायची. मी मान खाली घालून निवलेला भात गिळायचो. जोडीदार दगड उचलताना गाणी म्हणायचे, सुट्टीत कोणी मासे धरायला वैनगंगेवर जायचं, कोणी कोंबडे झुंजवायचं. मला काहीच सुचायचं नाही. मला भूक लागायची, एवढंच. आणि वाटायचं, आपल्या आत दुसरं काही नाहीच की काय? हे कोणाला बोलून दाखवायची माझी तयारी नव्हती. पण एकदा तरी त्या बाईनं मला विचारावं आणि माझ्याजवळ उत्तर असावं, याचा ध्यास लागला.

म्हणून मी एक युक्ती केली. भोंगा वाजल्यावर खदानीमागच्या झाडाखाली जाऊन बसलो. पोटात कावळे नाही, गिधाडं ओरडत होती. लोक जेवून परत यायला लागले तेव्हा उठलो, नळावर हातपाय धुतले, तोंड धुतलं, केस ओले करून भांग पाडला आणि गेलो.

मावशीनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगा माय! आज भोंग्याचा भाऊ उशिरा? कशात भुलला रे?"

"कामात."

"कोन्या कामात?"

"दगड फोडन्यात."

"हात दाखव."

मी दाखवले. लख्ख.

"भूक इसरलेला मानूस भूक आठवली का धावत येते, जसा असन तसा. तू तं भांग पाडून आला. लगनाले आला का?"

बाहेर विड्या ओढणारे खोकेपर्यंत हसले. तिनं पहिल्या चुलीचा भात वाढला. मी ताटाला हात न लावता उठलो आणि त्या खानावळीत पुन्हा पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. पुढचे काही दिवस चहाच्या टपरीवर भजी खाऊन काढले. भज्यांवर राग टिकतो, अंग टिकत नाही. शेवटी एक दिवस भोंग्याबरोबर गेलो, पाटावर बसलो. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण मावशीनं वाढलं, आणि पुढं सरकायच्या ऐवजी माझ्यासमोर उकिडवी बसली.

"राग गेला?"

मी भात कालवायला लागलो.

"आयक. खोटं बोलून सापडत नसते ते. तू एक कर. रिकामा राह्यला का तुहे डोये कुठं जाते ते पाहा. तू नेऊ नको त्याईले. ते आपल्या मनानं कुठं जाते ते पाहा फक्त."

"डोये का, जिकडं तिकडं जाते."

"नाही जात. मलेही वाटे तसंच," ती म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली.

मला ते खुळेपण वाटलं. पण माणसाला सांगितलं की तुझ्या श्वासाकडं पाहू नको, तर तो दिवसभर श्वासच पाहतो. तसं झालं. रस्त्यानं चालताना, बसमधून बालाघाटला जाताना, मी स्वतःच्या डोळ्यांवर पहारा ठेवला. आणि चोर सापडला. माझे डोळे वर जात होते. आभाळात नाही, घरांच्या छपरांवर. कोणाची कवेलूची ओळ वाकडी आहे, कोणाच्या वळचणीचं पाणी भिंतीत मुरणार आहे, कोणाचं मयाल, छपराचं आडवं लाकूड, मधोमध दबलंय. बाजाराच्या दिवशी वर पाहत चालताना एका म्हशीवर जाऊन आदळलो, तिच्या मालकानं शिव्या दिल्या, आणि शिव्या खाताखाताही मी त्याच्या मागच्या घराचं छप्परच पाहत होतो.

मग मागचंही आठवायला लागलं. लहानपणी बाप मला सगळ्यात जास्त कशासाठी मारायचा? छपरावर चढायचो म्हणून. शाळेत मास्तर फळ्यावर लिहायचे आणि मी वर कवेलूच्या फटीतून येणारे उन्हाचे कवडसे पाहायचो, आणि कोणतं कवेलू सरकवलं म्हणजे कोणता कवडसा विझेल याचा हिशेब मांडायचो. हे सगळं माझ्याच आत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. पण माझ्याच डोळ्यांनी चहाडी केली.

त्या उन्हाळ्यात वांदरांनी मावशीचं छप्पर नाचून नाचून मोडलं. चिंचेवरून उडी, छपरावर धप्प, पुन्हा चिंचेवर. पावसाळा तोंडावर, आणि कवेलू फेरणारा म्हातारा खाट धरून पडलेला. माझी सुट्टी होती. मी म्हटलं, "मी चढतो."

"तू? भोंगा वाजला का उडी मारशीन तिथून."

"निसनी कुठं हाय ते सांग." तिनं शिडीकडं बोट दाखवलं.

चढलो. कवेलू म्हणजे मातीची अर्धी नळी. एक उताणं, एक पालथं. उताण्यातून पाणी न्यायचं, पालथ्यानं सांध झाकायची. लोकांना वाटतं छप्पर म्हणजे पाणी अडवणं. तसं नाही. पाणी कोणाच्या बापाला अडत नाही. त्याला वाट करून द्यायची, म्हणजे ते घराला हात न लावता निघून जातं. हातानं घडवलेलं प्रत्येक कवेलू दुसऱ्याहून वेगळं. कोणतं कोणाशेजारी बसेल ते हातात घेऊन पाहावं लागतं. बोटानं टिचकी मारावी, फुटकं असलं तर बद्द बोलतं. मी एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. एक ओळ सरळ झाली. त्या ओळीकडं पाहिलं तर शेजारची वाकडी दिसली. ती उतरवली.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण त्यात मी नव्हतोच.

खालून हाक आली. "अरे ए! जित्ता हायेस का मेला?"

पाहिलं तर सूर्य खदानीच्या ढिगाआड उतरायला लागला होता. माझ्या अगदी पायाखाली चुली. तिथं भात शिजला होता, वरणाला फोडणी पडली होती, पंगत बसून उठली होती, आणि त्याचा धूर नि वास माझ्या नाकासमोरून वर गेला होता. भोंगा वाजला होता. मी, भोंग्याचा भाऊ, मला ऐकू आला नव्हता!

उतरलो. हात काजळीनं काळे, केसांत कोळिष्टकं, कोपर सोललेलं. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. ज्या प्रश्नासाठी मी जळत होतो तो तिनं विचारला, पण हळू आवाजात.

"कशात भुलला रे?"

मी नुसतं वर पाहिलं. तिनंही पाहिलं. तिच्या दुसऱ्या चुलीवर भाताला वाफ धरली होती. मी हात धुवायला रांजणाकडे वळलो तर म्हणाली, "नको धुऊ. तसाच बस."

एरवी मळक्या बोटानं कोणी मिठाला हात लावला तर पळी फेकून मारणारी बाई. मी काळ्या हातानं तो भात खाल्ला. त्याची चव तोंडात अजून आहे. काजळीचीही आहे.

पुढं मी खदान सोडली. बाप कटंगीहून समजवायला आला. "उन्हाळाभर लोकाच्या छपरावर चढशीन, मंग वर्षभर का कवेलू खाशीन?" मी म्हटलं, खाईन. खाल्ले नाहीत, पण ओढगस्तीचे दिवस पाहिले. बैहरच्या रस्त्यापासून कटंगीपर्यंत कितीतरी गावांत लोकांनी माझी वाट पाहिली आहे. माझ्या हाताचं छप्पर गळलं असं सांगणारा माणूस समोर आणा.

पण आता छपरं कुठं आहेत? सगळीकडं स्लॅब, नाही तर टिनाचे पत्रे. मुलानंही स्लॅब टाकला, मला विचारून टाकला, मी नाही म्हटलं तरी टाकला. गोठ्यावर तेवढे कवेलू राहिले आहेत. खानावळ केव्हाच मोडली, तिथं मोटारसायकलींचं दुकान आहे. आता मला सून बारा वाजता ताट आणून देते आणि मला बारालाच भूक लागलेली असते. सून चांगली आहे. पण उशीर झाला तरी ती कशात भुललो हे विचारत नाही, ताट झाकून ठेवते. कधीकधी जेवताना वाटतं, कोणीतरी दारात कमरेवर हात ठेवून उभं असावं.

मावशी आता नाही. तिच्या शेवटच्या हिवाळ्यातली एक गोष्ट राहिली आहे.

ती बैहरला मुलीकडे राहायला गेली होती. मी बसनं गेलो, पोचेपर्यंत जेवायची वेळ झालेली. अंगणात उन्हाला पोत्यावर बसली होती, वाळून चिपाड झालेली. डोळे तेच.

"आला का भोंग्याचा भाऊ? वेळेवर आला."

"हौ मावशी."

"म्हंजे काम सुटलं वाटते."

मला बाण लागल्यासारखं झालं. म्हटलं, "छपरंच नाही राह्यले मावशी." ती हं म्हणाली. मग जे तिला आम्ही कोणी, इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं, ते मी विचारलं.

"मावशी, तू कशात भुलली?"

ती हसली. "मी? मी तं रोज भोंग्याच्या आंधी जेवत होती. तुमी याच्या आंधी, पहिल्या चुलीचा. सैपाक मले कधी गोड लागला नाही रे. करा लागे म्हनून करे."

"अन् दुसऱ्या चुलीचा?"

"त्याले मी कधी हात लावला नाही. माह्या नव्हता तो."

मी म्हणालो, "मंग आमाले इचारनं, हेच तुहं काम होतं म्हन ना."

"नाही. इचारत होती तवाही मले पुन्हा भूक लागून राहे." तिनं पोत्याचा एक धागा ओढला. "एकडाव भुललती मी. लहान होती, मायबापाकडे. जेवाले गेलीच नाही. मायनं लई मारलं. मार याद हाय मले, काडी कोन्या झाडाची होती ते बी याद हाय. पन का करून राह्यलती, ते याद नाही. कधीच आठवलं नाही. म्हनून तुमाले इचारत होती. वाटे, कोनाच्या तरी तोंडातून निघन, अन् मले आठवन."

खदानीतले ते सगळे उशिरा आलेले लोक माझ्या डोळ्यांपुढून गेले. प्रत्येकाच्या पुढं ती अशी उभी. आम्हाला वाटायचं ती आमची परीक्षा घेते आहे.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "चिंचोके खेळत होती?"

तिनं डोळे मिटले, आत जाऊन पाहून आली. "नाही."

"मातीचे बैल?"

"नाही रे."

"पाखरांचे खोपे पाहत होती? फुलं ओवत होती? गानं म्हनत होती?"

"नाही. नाही." तिला दम लागला. पण डोळे मिटूनच होती, म्हणून मी थांबलो नाही. ती भाताच्या मुलखातली, मीही तिथलाच. मी माझ्याच लहानपणात, भाताच्या बांधीत शोधलं.

"बांधीतलं पानी वळवत होती का? बोटानं माती उकरून, इकडचं पानी तिकडं?"

ती म्हणाली, "पुन्हा म्हन."

मी पुन्हा म्हटलं.

अंगणातल्या नळाखाली पाणी साचलं होतं. मावशी पोत्यावरून वाकली आणि डबक्याच्या काठाला बोट लावलं. एक रेघ ओढली. पाणी रेघेत आलं, खड्यापाशी थांबलं. तिनं खडा काढला. पाणी पुढं गेलं. तिनं पुढं उकरलं. एक फाटा आंब्याच्या रोपाकडं नेला, एक भिंतीकडं जाऊ पाहत होता त्याला माती लावली.

मुलगी ताट घेऊन बाहेर आली. "आई, खाना ठंडा हो जाएगा, जेव ना वं." मावशीनं मान वर केली नाही. मुलगी मला म्हणाली, "भाऊ, हे का करून राह्यली? बारा वाजले का ताट मांगते हे, एक मिनिट दम धरत नाही."

"थांब जराशी," मी म्हटलं.

तेच होतं का, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. ताटातला भात निवला, त्यावर माशी बसली, मुलीनं ताट झाकलं. पाणी रोपाच्या बुडाशी पोचलं तेव्हा मावशीनं वर पाहिलं, कोणाच्या घरी आपण आहोत ते न कळल्यासारखं.

"भोंगा झाला का रे?"

"झाला मावशी. कवाचाच."

"सांगाचं नाही का मंग?" ती म्हणाली, आणि पोट चाचपलं.

मुलगी हात धुवायला तांब्या घेऊन आली. मावशीची बोटं चिखलानं भरलेली. मी तांब्या तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे. तशीच जेवू दे तिले. अन् बाई, तू दुसरा भात मांड."

"एवढा भात हाय ना, भाऊ!"

"असू दे," मी म्हटलं. "दुसरा मांड."